मायक्रोवेव्ह सर्किट्स शिकवण्याची सुरुवात कुठून करावी? सल्ला हवा आहे

ऐरोलीकर_अध्यापिका

नमस्कार. नवी मुंबईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार शाखेला शिकवते. येत्या सत्रापासून अंतिम वर्षाचा मायक्रोवेव्ह सर्किट्सचा विषय माझ्याकडे आला आहे. गेल्या वर्षी एका सहकाऱ्यांच्या रजेत मी तो सहा आठवडे शिकवला होता. तेव्हा मॅक्सवेलच्या समीकरणांपासून सुरुवात करून वेव्हगाइडपर्यंत (लाटा वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीपर्यंत) पोहोचले, तोवर निम्म्या वर्गाने वहीत उतरवून घेण्यापलीकडचा नाद सोडलेला होता. स्मिथ चार्टवरची (संकेत वाहून नेणाऱ्या ट्रान्समिशन लाइनवरचे परावर्तन दाखवणाऱ्या वर्तुळाकार आलेखावरची) उदाहरणे परीक्षेत बहुतेकांनी बिनचूक सोडवली, मात्र तोंडी परीक्षेत "चार्टवर एक पूर्ण फेरी मारलीत म्हणजे लाइनवर किती अंतर चाललात?" असे विचारल्यावर अर्धी तरंगलांबी हे उत्तर तिघांनाच देता आले.

प्रयोगशाळेत एक्स-बँड या वारंवारता-पट्ट्याचे दोन क्लिस्ट्रॉन बेंच (मायक्रोवेव्ह निर्माण करणाऱ्या निर्वात नळीवर चालणाऱ्या प्रयोगमांडण्या) आहेत आणि त्यांपैकी एक चालतो. व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर (सर्किटमधून किती संकेत परततो आणि किती पुढे जातो हे मोजणारे यंत्र) घेण्याइतका निधी नाही. विषयाचा क्रम कसा लावावा आणि आहे त्या पैशांत कोणती साधने घ्यावीत, याबद्दल ज्यांनी प्रत्यक्ष शिकवले आहे त्यांचे मत हवे आहे.

निवृत्त_ठाणेकर

मॅडम, मी हा विषय बरीच वर्षे शिकवला आणि त्यांतली पहिली काही वर्षे आपल्यासारखीच चूक केली. माझा सल्ला असा की समीकरणे वगळू नयेत, पण ती विद्यार्थ्यांना गरज भासेल तेव्हाच आणावीत, आणि ती गरज निर्माण करण्याचे काम आपल्या त्या एका चालत्या बेंचकडून करून घ्यावे.

बेंचवरच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात स्लॉटेड सेक्शनवर (लांबीला फट पाडलेल्या वेव्हगाइडवर) प्रोब सरकवून लागोपाठच्या दोन मिनिमांमधले (संकेत सर्वांत क्षीण होतो त्या जागांमधले) अंतर मोजायला सांगा. वारंवारता ९.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असेल तर ते साधारण २२.३ मिलिमीटर येते, म्हणजे गाइडमधली तरंगलांबी सुमारे ४४.६ मिलिमीटर. आता त्याच वारंवारतेची मोकळ्या हवेतली तरंगलांबी काढायला लावा; ती ३१.९ मिलिमीटर येते. नळीत हवाच आहे, मग लाट लांबली कशी, हा प्रश्न वर्गातूनच येतो, आणि आला नाही तर आपण विचारावा. २२.८६ मिलिमीटर रुंदीची ही नळी ६.५६ गिगाहर्ट्झच्या खालची लाट पुढे जाऊच देत नाही, हे त्यानंतर सांगितले की सीमा-अटी (नळीच्या भिंतींवर क्षेत्रांनी पाळायचे नियम) आणि मॅक्सवेल यांना ऐकणारे कान मिळतात. माझ्याकडे हे चौथ्या आठवड्यात येत असे. त्याआधीचे तीन आठवडे ट्रान्समिशन लाइन आणि परावर्तन यांनाच दिलेले असत.

स्मिथ चार्टचे म्हणाल तर फिलिप स्मिथ यांनी तो १९३९ साली प्रसिद्ध केला, तेव्हा संमिश्र संख्यांची किचकट आकडेमोड वाचवणे हा त्याचा मोठा उपयोग होता. ते काम आता संगणक करतो. चार्ट आजही शिकवायचा तो उपकरणाच्या पडद्यावर दिसणारी रेघ वाचता यावी म्हणून, आणि त्यासाठी निदान दोन उदाहरणे कंपास घेऊन कागदावर झालीच पाहिजेत.

एक सूचना जर्नलच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावी: क्लिस्ट्रॉन सुरू करताना आधी पंखा, मग रिपेलर (इलेक्ट्रॉन परत लोटणारा इलेक्ट्रोड) व्होल्टेज आणि शेवटी इलेक्ट्रॉनांना वेग देणारे बीम व्होल्टेज. हा क्रम उलटला की इलेक्ट्रॉन थेट रिपेलरवर आदळून तो तापतो, आणि आपल्याकडे चालता बेंच एकच आहे.

रबाळे_टेस्टबेंच

मी शिक्षक नाही. एमआयडीसीत आरएफ चाचणीचे काम करतो आणि नव्याने रुजू होणाऱ्यांना पहिले सहा महिने मीच सांभाळतो. त्यांना सूत्रे येतात, पण कॅलिब्रेशन (मोजण्याआधी यंत्राची आणि केबलची स्वतःची चूक काढून टाकणे) कशासाठी करायचे ते ठाऊक नसते, आणि एसएमए कनेक्टर (आट्यांचा छोटा केबल-जोड) जोडताना नट फिरवण्याऐवजी ते सबंध केबल पिळतात.

नॅनोव्हीएनए नावाचे हाताच्या तळव्याएवढे, मॅडमनी म्हटलेल्या अ‍ॅनालायझरचेच काम करणारे उपकरण मिळते. त्याची तीन गिगाहर्ट्झपर्यंत चालणारी आवृत्ती घ्यावी, आणि एक महागडे यंत्र कपाटात ठेवण्यापेक्षा ही चार घ्यावीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून १.६ मिलिमीटर जाडीचा एका बाजूला तांबे असलेला एफआर-४ (काचतंतूंचा) सर्किट बोर्ड आणि तांब्याची चिकटपट्टी आणा. तांब्याची बाजू खाली ठेवून वर तीन मिलिमीटर रुंदीची पट्टी चिकटवली की ५० ओहमच्या जवळपास जाणारी मायक्रोस्ट्रिप लाइन तयार होते. तिच्या मध्याला काटकोनात ६० मिलिमीटरचा उघड्या टोकाचा स्टब, म्हणजे पट्टीचा छोटा फाटा, जोडा. ज्या वारंवारतेला ही लांबी पाव तरंगलांबी होते तिथे उघडे टोक मुख्य लाइनवर शॉर्टसर्किटसारखे वागते, आणि पडद्यावर पलीकडे पोहोचणाऱ्या संकेताच्या आलेखात खोल खड्डा दिसतो. मग ब्लेडने पाच-पाच मिलिमीटर कापत जा. खड्डा उजवीकडे, म्हणजे जास्त वारंवारतेकडे, सरकताना मुलांनी डोळ्यांनी पाहिला पाहिजे. कॅलिब्रेशन एकदा मुद्दाम न करता मोजायला लावा, म्हणजे ते का करायचे हे वेगळे सांगावे लागत नाही.

खारघर_०७

वरील दोन्ही मतांशी सहमत आहे, फक्त सिम्युलेशनबद्दल सावध करतो. आमच्या वेळी सगळी प्रात्यक्षिके सॉफ्टवेअरवर उरकली गेली आणि सगळ्यांचे आलेख सारखेच सुरेख आले. सिम्युलेशन मोजमापानंतर करावे. शक्य असल्यास नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची सहल काढावी. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना पाहिल्यावर रिसीव्हरमधल्या नॉइजचा धडा कोरडा राहत नाही.

ऐरोलीकर_अध्यापिका

सर्वांचे मनापासून आभार. सरांनी सुचवलेला क्रम मी विभागप्रमुखांना दाखवला. त्यांची हरकत नाही, मात्र चाचणी परीक्षेआधी वेव्हगाइड पूर्ण व्हावे अशी त्यांची अट आहे, त्यामुळे चौथ्याऐवजी तिसऱ्याच आठवड्यात ते घ्यावे लागेल.

एका माजी विद्यार्थ्याकडून नॅनोव्हीएनए आणून काल स्टबचा प्रयोग स्वतः करून पाहिला. हिशेबाने ६८७ मेगाहर्ट्झ येत होते, खड्डा मात्र ६६८ वर पडला. उघड्या टोकाशी क्षेत्र थोडे बाहेर पसरते, त्यामुळे स्टब आहे त्यापेक्षा लांब भासतो, हे एक कारण असणार. शिवाय मी लांबी मुख्य पट्टीच्या कडेपासून मोजली होती. ती मध्यापासून धरायची की कडेपासून, हा प्रश्न माझ्याही मनात पहिल्यांदाच आला. पहिल्या प्रात्यक्षिकात मुलांना दोन्ही प्रकारे हिशेब करायला सांगणार आहे.

निवृत्त_ठाणेकर

सांगाच, आणि त्या दिवशी मोजपट्टीऐवजी व्हर्नियर कॅलिपर द्या.