श्रमदान करणाऱ्या सभासदांना देखभाल शुल्कात सूट देता येईल का?

कोथरूडकर: आमची इमारत महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, 1970 अन्वये नोंदलेली असून कारभार अपार्टमेंटधारकांची संघटना पाहते. ओल्या कचऱ्याचे खत, बाग, टँकरच्या नोंदी ही कामे मोजकी मंडळी, बहुतांशी निवृत्त, विनामोबदला करतात. त्यांना देखभाल शुल्कात सूट द्यावी आणि जे काहीच करत नाहीत त्यांच्याकडून जादा आकार घ्यावा, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत येणार आहे. हेतू चांगला असला तरी तो टिकेल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उपविधी_वाचक: आपली शंका रास्त आहे. या अधिनियमानुसार सामाईक खर्चाची वाटणी सामाईक जागांतील प्रत्येकाच्या अविभक्त (वेगळा न काढता येणाऱ्या) हिश्श्याच्या टक्केवारीवर होते आणि ती टक्केवारी घोषणापत्रात, म्हणजे इमारत या अधिनियमाखाली आणणाऱ्या नोंदणीकृत दस्तात, नमूद असते. कोणी किती घाम गाळला, यावर ती बदलत नाही. त्यामुळे सूट आणि जादा आकार ही दोन्ही कलमे पहिल्याच हरकतीला अडचणीत येतील. कृतज्ञता पैशातच व्यक्त करायची असेल, तर उपविधी (संघटनेच्या कारभाराचे नियम) तपासून सभेच्या मंजुरीने मानधन द्यावे आणि ते हिशेबात स्वतंत्र खर्च म्हणून दाखवावे.

पालापाचोळा: मानधनाबाबत मी सहमत नाही. पैसे सुरू झाले की हजेरी आणि तक्रारीही सुरू होतात, आणि हौसेने येणारा माणूस पहिला बाजूला होतो. खरी अडचण अशी की काम नेमके किती, हे इतरांना दिसतच नाही. आमच्याकडे खताच्या टाकीत दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे सतत निघत. ते वेचायला प्रत्येक मजल्यावरील एकेका घराला आळीपाळीने रविवारचा अर्धा तास दिल्यावर कचरा वेगळा करण्याची शिस्त आपोआप आली. ओल्या कचऱ्यावर सुक्या पानांचा थर द्यायचा आणि मूठभर मिश्रण दाबल्यावर पाणी गळता कामा नये, एवढे सांभाळले की दुर्गंधीही येत नाही. शिवाय पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंचय यांपैकी चालू स्थितीतील प्रकल्पासाठी मालमत्ता करात 5 ते 10 टक्के सवलत देते, म्हणजे या मंडळींच्या कष्टांचा लाभ घरबसल्यांनाही मिळू शकतो. सभेत हे अवश्य मांडा.

जुना_सचिव: एक मर्यादा ठरावातच लिहून घ्या. मैलाटाकीत किंवा गटारात कोणालाही उतरवू नये. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांविना अशी सफाई करवून घेणे गुन्हा आहे. तसेच माळी किंवा सफाई कामगार कमी करून पैसे वाचवायला श्रमदान वापरू नका. उरलेली सुकी पाने शेजारच्या बागेला द्यावीत, म्हणजे रस्त्याकडेला ती जाळली जाणार नाहीत.

कोथरूडकर: सर्वांचे आभार. सूट व जादा आकाराची कलमे वगळून मजलानिहाय पाळ्यांचा सुधारित मसुदा व्यवस्थापक मंडळाकडे देत आहे. मानधनाचा विषय उपविधी वाचल्यानंतरच घेऊ.