पहिल्या आठवड्यातच नाडी उतरते, मग स्नायूत नेमकं बदलतं काय?

घाटवाट: जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या नवख्या गटाला समजावून सांगायचंय, म्हणून विचारतो. रोज तास-दीड तास सायकल मारायला लागलं की आठ-दहा दिवसांत त्याच वेगाला नाडी कमी राहते, धापही कमी लागते. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतले ऊर्जा बनवणारे कारखाने, वाढायला तर चार-सहा आठवडे लागतात म्हणतात. मग हा फरक स्नायूतला की फक्त रक्ताभिसरणातला? घड्याळातला व्हीओटू मॅक्स (शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता) तर जागचा हलत नाही.

पेशीपुराण: दोन्हीकडचा आहे, पण नाडी मुख्यतः रक्तामुळे उतरते. रोज दोन तास व्यायाम केला तर आठवडाभरात प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, १० ते १२ टक्के वाढू शकतो. हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, त्यामुळे तेवढ्याच कामाला ठोके कमी लागतात.

स्नायूतला भाग जास्त रंजक आहे. कॅनडात हॉवर्ड ग्रीन, स्टुअर्ट फिलिप्स वगैरेंनी १९९० च्या दशकात माणसांना कमाल ऑक्सिजन क्षमतेच्या साधारण ६० टक्क्यांवर रोज दोन तास सायकल चालवायला लावली आणि मांडीच्या स्नायूचे तुकडे काढून तपासले. १९९६ च्या प्रयोगात तपासणी ५ व्या आणि ३१ व्या दिवसानंतर झाली. पाचच दिवसांत, त्याच कामाला क्रिएटिन फॉस्फेट (स्नायूतला झटपट ऊर्जेचा साठा) कमी उतरत होतं, लॅक्टेट (साखर भराभर फोडताना तयार होणारा पदार्थ) कमी साठत होतं. मायटोकॉन्ड्रियातल्या एन्झाइमची वाढ मात्र ३१ व्या दिवशीच दिसली.

कारखाना तोच, मग खर्च कमी कसा? व्यायाम सुरू होताच ऑक्सिजनचा वापर हवा तितका वर जायला मिनिट-दोन मिनिटं लागतात आणि तोवरची तूट क्रिएटिन फॉस्फेट भरून काढतं. सरावाच्या पहिल्या काही दिवसांतच हा वापर लवकर वर चढू लागतो, म्हणून तूट कमी. क्रिएटिन फॉस्फेट कमी फुटलं की मोकळं फॉस्फेट आणि एएमपी (ऊर्जा खर्च झाल्यावर उरणारा रेणू) कमी साठतात. ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूतला साखरेचा साठा, फोडणाऱ्या फॉस्फोरिलेज या एन्झाइमला चेव आणणारे हेच दोघे, शिवाय अ‍ॅड्रिनॅलिन. सराव झाला की तेही कमी सुटतं. म्हणून ग्लायकोजेन जपून वापरलं जातं. कमाल क्षमता वाढलेली नसते, घड्याळाचा आकडा हलायचं कारण नाही.

लालडबा: वरच्या उत्तरात एक दुरुस्ती. ‘एन्झाइम महिन्यानंतरच’ हे सगळ्यांना मान्य नाही. त्याच वर्षी, १९९६ मध्ये, स्पिना आणि सहकाऱ्यांनी ७ ते १० दिवसांच्या रोज दोन तासांच्या सायकलिंगनंतर मायटोकॉन्ड्रियातली एन्झाइम सुमारे ३० टक्के वाढल्याचं दाखवलं. ग्लुकोज आत घेणारं ग्लूट-४ सुद्धा त्याच सुमारास वाढतं. तीव्र व्यायामात तर आणखी झटपट: मॅकमास्टर विद्यापीठात २००५ मध्ये दोन आठवड्यांत फक्त सहा सत्रं झाली, प्रत्येकात ३० सेकंद जीव तोडून पेडल मारायचे ४ ते ७ वेळा, मध्ये चार मिनिटं विश्रांती. सिट्रेट सिंथेज हे मायटोकॉन्ड्रियातलं एन्झाइम ३८ टक्के वाढलं आणि ठराविक जोराला टिकण्याची वेळ २६ मिनिटांवरून ५१ वर गेली. कमाल ऑक्सिजन क्षमता तिथेही जैसे थे!

पेशीपुराण: मान्य. ‘महिन्यानंतरच’ हे फार ठाम झालं. तीव्रता, माणसाची आधीची तयारी आणि कोणतं एन्झाइम मोजलं यावर ते ठरतं. पण नवख्यांना ३० सेकंदांचा प्रकार पहिल्या दिवशी देऊ नका. चक्कर आणि उलटी ठरलेली.

नडगीवाला: आता गटाला काय सांगायचं ते. हे प्रयोग सायकलवर झालेत, हे विसरू नका. रोज दोन तास *पळायला* लावलंत तर प्रत्येक पावलाला, विशेषतः उतारावर, मांडीचा स्नायू ताणत ताणत आकुंचन पावतो आणि तंतू फाटतात. फाटलेला स्नायू ग्लायकोजेन नीट भरून घेत नाही, म्हणजे ज्यासाठी सराव केला तेच हातचं जातं. आठवड्यातून पाच दिवस सायकल, त्यातल्या दोन दिवशी अर्धा तास हलकं पळणं, एवढं पुरे. वेग असा की पूर्ण वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये.

खाण्यात रोज वजनाच्या किलोमागे ६ ते ८ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३६० ते ४८०. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम असतात, त्यावरून ताटाचा अंदाज येईल. संध्याकाळी भात बंद करून हा सराव करणारे पाचव्या दिवशी ‘पाय जड झाले’ म्हणतात. पहिल्या आठवड्यात वजन किलोभर वाढलं तर घाबरू नका: दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणी साठतं, शिवाय वाढलेला प्लाझ्मा.

याच काळात रक्त तपासलं तर प्लाझ्मा वाढल्यामुळे हिमोग्लोबिन थोडं कमी दिसतं. लगेच लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. फेरिटिनही (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) तपासा, ते कमी असेल तरच खरी कमतरता, मग डॉक्टरांकडे जा.

घाटवाट: आणि फरक मोजायचा कसा? ऑक्टोबर हीटमध्ये नाडी तशीही वर असते.

नडगीवाला: म्हणूनच रस्त्यावर मोजू नका. उकाड्याची सवय झाली तरी प्लाझ्मा वाढतो, मग कशाचं श्रेय कशाला ते कळत नाही. घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड), सकाळी, पंखा सुरू, तेच वॅट (पेडलवरचा जोर), ४० मिनिटं. शेवटच्या १० मिनिटांची सरासरी नाडी घ्या. चहा-कॉफी आधी नको. आदल्या दिवशी जोराचा सरावही नको.