एक कप मैदा म्हणजे नेमका किती ग्रॅम?

प्रश्न: केकच्या रेसिपीत सगळं कपात दिलंय, माझ्याकडे वजनकाटा आहे. सरसकट २४० ग्रॅम धरलं तर चालेल का?

उत्तर: अहो, ते फक्त पाण्याला! २४० मिलिलिटरच्या कपात मैदा साधारण १२० ते १२५ ग्रॅम, साखर २००, मध मात्र ३४० च्या आसपास. मैद्याचा तर भरवसाच नाही. चमच्याने हलकेच भरून सुरीने सपाट केला तर ठीक. कप थेट डब्यात खुपसलात की तोच १५० पर्यंत जातो. मग केक कोरडा!

दुसरं उत्तर: रेसिपी कुठली तेही बघा. ऑस्ट्रेलियन कप २५० मिलिलिटरचा असतो.

प्रश्नकर्ती: आणि बेकिंग पावडर?

पहिलं उत्तर देणारी: ती चमच्यानेच घ्या. घरगुती काट्याला दोन-चार ग्रॅम धड कळत नाहीत.