अडीच लाख घेऊन मोकळं व्हावं की दावा लावावा?

कांजूरचा दादा
धाकटा भाऊ लादी बसवायची कामं करतो. वय 34, महिन्याला वीसेक हजार सुटतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एलबीएस रोडवर टेम्पोनं स्कूटरला उडवलं. उजव्या पायात गुडघ्याखाली रॉड, दोन ऑपरेशनं. टेम्पोच्या विमा कंपनीचा माणूस म्हणतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली अडीच लाख घ्या, चूक कुणाची ते कोणी विचारणार नाही. माझं मत: घेऊन टाकावेत. एप्रिल 2022 पासून मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख आहेत. आधीच्या कलम 140 खाली चूक सिद्ध न करता कायमच्या अपंगत्वालासुद्धा 25 हजारच मिळायचे! भावाची बायको मात्र म्हणते, भांडायचं. तुम्ही काय केलं असतं?

पेणकर
सही करू नका हो. ते पैसे स्वीकारले की ट्रिब्युनलमधला, म्हणजे अपघाताच्या भरपाईच्या कोर्टातला, दावा संपतो, कायद्यातच तसं लिहिलंय. हे त्या माणसानं सांगितलं का? आणि अडीच लाखाला काही माप आहे का? करंगळीचं हाड मोडलं तरी गंभीर दुखापत, पाय कापावा लागला तरी गंभीर दुखापत. दोघांना सारखेच.

जुना गोदीवाला
बोलायला काय जातं. माझ्या साडूचा दावा नऊ वर्षं चालला. गाडीमालक नोटीस घेईना, डॉक्टर साक्षीला येईना. शेवटी व्याजासकट बरी रक्कम आली, पण तोवर साडूनं वसईची खोली विकली होती. दादा, मिळतंय ते घ्या.

क्लेमवाली
मी क्लेमच्या खात्यात बारा वर्षं काढलीत, म्हणून आकडे मांडते. वीस हजारानं वर्षाचे 2,40,000. सर्टिफिकेटवर 30 टक्के अपंगत्व आलं असं धरू, म्हणजे वर्षाला 72,000 बुडाले. वर्षाच्या नुकसानाला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणतात, 31 ते 35 वयाला 16 चा गुणक लागतो (सुप्रीम कोर्टाचा सरला वर्मा निकाल, 2009). झाले 11,52,000. औषधपाणी आणि वेदनांचे वेगळे. शिवाय राज कुमार निकालात (2010) सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की नुसता सर्टिफिकेटवरचा टक्का बघू नका, कमाई किती बुडाली ते बघा. लादीवाल्याला दिवसभर उकिडवं बसावं लागतं. त्याचा गुडघा वाकतो का?

कांजूरचा दादा
नाही वाकत. काल बाथरूमची एक लादी सुटली होती, ती बसवायला गेला. बादली पालथी घालून तिच्यावर बसला, पाय सरळ पुढे. हात जमिनीपर्यंत पोचेनात. पोरानं सिमेंट कालवून दिलं तरी लादी तिरकीच बसली. मग थापी ठेवून दिली आणि टीव्ही लावला.

एक गोष्ट लिहायची राहिली. भाऊ राँग साइडनं येत होता. पेट्रोल पंपावरून निघाला, यू-टर्न लांब पडतो म्हणून. पंचनाम्यात ते आलंय. टेम्पो रिव्हर्समध्ये होता हेही आलंय.

जुना गोदीवाला
हे आधी सांगायचं! आता ताईंचाच हिशेब पुन्हा करा. वीस हजाराचा कागद आहे का? रोखीची मजुरी, रिटर्न नाही, पासबुकात काही नाही. ट्रिब्युनलनं बारा हजार धरले तर तेच गणित 6,91,200 वर येतं. राँग साइडबद्दल निम्मे कापले की 3,45,600. लाखभर जास्त मिळावेत म्हणून किती वर्षं तारखा खायच्या?

क्लेमवाली
गणित बरोबर, पण 30 टक्के मी हातचं राखून धरले होते. ज्याच्या हातून एक लादी सरळ बसत नाही त्याची कमाई फक्त तीस टक्के गेली? साठ धरा, तुमच्याच हिशेबात आकडा दुप्पट होतो. आणि व्याज दावा दाखल केल्यापासून मिळू शकतं. कंत्राटदारांना साक्षीला आणा, ते रोजचा दर सांगतील.

ऑकलंडहून मावशी
आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये 1974 पासून चुकीचा प्रश्नच काढून टाकलाय. दुखापतीच्या भरपाईसाठी समोरच्यावर दावा लावताच येत नाही, पण काम बंद असेपर्यंत आधीच्या कमाईच्या 80 टक्क्यांपर्यंत रक्कम दर आठवड्याला येते. एकदाच हातावर ठेवून बोळवण करणं वेगळं.

पेणकर
मावशी, तसं असतं तर हा धागाच निघाला नसता. दादा, मुदत बघा. अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज, असं कायदा म्हणतो, आणि संक्रांत झालीसुद्धा. पोलिसांचा सविस्तर अहवाल ट्रिब्युनलकडे गेला का ते विचारा, तोही अर्ज म्हणून धरता येतो. पण त्यावर विसंबू नका, आपला अर्ज टाका. भाऊ राहतो तिथल्या ट्रिब्युनलमध्ये चालतो. वकील टक्क्यावर फी मागेल, ती नियमात बसत नाही हेही लक्षात असू द्या. कंपनी कलम 164 च्या रकमेपेक्षा जास्त देऊ शकते, तिला तसं लेखी विचारा.

कांजूरचा दादा
सोमवारी पोलीस स्टेशनला जातोय. त्या कागदावर अजून सही केलेली नाही.

जुना गोदीवाला
जा. आणि निकाल लागेपर्यंत खोलीचं भाडं कोण भरणार तेही इथेच कळवा.