मळ्यातली कुत्री आणि शेजाऱ्यांची तक्रार: सल्ला हवा आहे

प्रेषक: कार्डिफ (गाव यावल तालुक्यात)

मंडळी, नमस्कार.

इथे सहसा दिवाळीच्या हॉलचं आणि मराठी शाळेचं बोलणं चालतं. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील अजून खान्देशातच आहेत, म्हणून हे इथे विचारतो.

आमचे आबा आणि माय गावात राहत नाहीत, केळीच्या मळ्यात घर बांधून राहतात. मोटरची केबल आणि ठिबकच्या नळ्या चोरीला जायला लागल्या तेव्हापासून तीन कुत्री पाळली आहेत. शेजारचा गट गेल्या काही वर्षांत बिनशेती झाला आणि तिथे निवृत्त गुरुजींनी बंगला बांधला. आता त्यांचं म्हणणं असं की कुत्री रात्रभर भुंकतात, झोप मिळत नाही. आधी बांधावरून बोलले, मग ग्रामपंचायतीत अर्ज दिला, आता पोलिसांत जातो म्हणतात. आबा म्हणतात, मळ्यातलं कुत्रं भुंकणार नाही तर कोण भुंकणार? त्यांनी गुरुजींशी बोलणंच बंद केलं आहे. माय फोनवर रडते. भाऊ पुण्याला, मी इथे.

मला वाटतं, त्यांनी काही करण्याआधी आपणच वकिलाची नोटीस पाठवावी. कोणाला अनुभव आहे का?

---

प्रेषक: ब्रिस्टल (माहेर चोपडा)

दादा, नोटीस आत्ता पाठवू नका. आधी तीन गोष्टी कळवा. भुंकणं वाढलं कधीपासून? रात्री साधारण किती वाजता? आणि कुत्री बांधलेली असतात की मोकळी, बांधली तर कुठे?

इथे येण्याआधी मी धुळे जिल्ह्यात पशुधन विकास अधिकारी होते, त्यामुळे हे विचारते आहे. माझे वडील म्हणायचे, कुत्रं उगाच नही भुकस.

---

प्रेषक: कार्डिफ

ताई, मायला विचारलं. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, वाढलं म्हणते. जुना सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी) आखाजीला सोडून गेला, नवा आला. त्याची लेकरं लहान आहेत, ती घाबरतात म्हणून कुत्री आता दिवसरात्र बांधलेली असतात. स्टार्टरच्या पेटीजवळ सिमेंटचे खांब आहेत, तिथे. ते खांब गुरुजींच्या बांधालाच लागून आहेत. वेळेचं नक्की सांगता येत नाही. काही रात्री अजिबात भुंकत नाहीत, काही रात्री थांबतच नाहीत.

---

प्रेषक: ब्रिस्टल

दादा, मग बरंचसं उत्तर तुमच्या मायनेच दिलं आहे.

जो माणूस वर्षानुवर्षं संध्याकाळी भाकरी टाकायचा तो एका दिवसात गेला आणि अंगणात अनोळखी कुटुंब आलं. त्याच वेळी साखळी लागली. मोकळं कुत्रं आवाज आला की जाऊन पाहतं, हुंगतं, माणूस ओळखीचा निघाला की परत येऊन पडतं. बांधलेल्याला जाऊन पाहता येत नाही. त्याची शंका फिटत नाही, म्हणून ते भुंकत राहतं. एकाने सुरुवात केली की उरलेली दोन लागतात आणि मग शिवारभर पोहोचतं. दिवसभर बांधून ठेवलेलं जनावर दिवसा झोपतं, हेही विसरू नका. रात्री ते ताजंतवानं असतं.

काही रात्री शांत आणि काही रात्री नाही, यावर मला जास्त शंका आहे. शेतीची थ्री फेज वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत आजूबाजूचे सगळे बॅटऱ्या घेऊन बांधावरून मोटर चालू-बंद करायला फिरतात. तुमची कुत्री बांधली आहेत तीच नेमकी स्टार्टरजवळ! मायला म्हणावं, कॅलेंडरवर दोन खुणा करा: रात्रीची लाइट कोणत्या दिवशी होती आणि त्रास कोणत्या रात्री झाला. दोन-तीन आठवड्यांत दिसेल. आणि जमलं तर गुरुजींनाही तशीच नोंद ठेवायला सांगा. त्यांच्या घरात काय ऐकू येतं ते आबांना माहीत नाही, आणि आबांच्या बांधावर काय चालतं ते गुरुजींना माहीत नाही.

दुसरं कारण सातपुड्याचं. तुमचा भाग यावल अभयारण्याच्या पायथ्याला. केळीत आणि मक्यात रानडुक्कर येतं, कोल्हे येतात, बिबट्याही येतो. कुत्रं हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे आणि साखळीला बांधलेलं कुत्रं त्याला पळून चुकवूही शकत नाही. म्हणून रात्री उघड्यावर खांबाला बांधणं मला मुळातच पटत नाही. रोज भुंकणारी कुत्री एखाद्या रात्री शेपूट पोटाखाली घालून खाटेखाली शिरली, तर सालदाराने एकट्याने बॅटरी घेऊन बाहेर पडू नये. वनविभागाचा नंबर १९२६ आहे, तो घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. भाद्रपदापासून पुढे माजाचा काळ असतो, तेव्हा गावातली कुत्रीही मळ्याकडे येतील आणि गोंधळ वाढेल. नसबंदी केली नसेल तर ती आत्ताच करून घ्या.

आता जागेबद्दल, कारण यात लगेच फरक पडतो. कुत्र्याचं भुंकणं जवळून ९० डेसिबलपर्यंत सहज जातं. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे एक मीटरवरचे ९० बत्तीस मीटरवर ६० च्या आसपास राहतात, चौसष्ट मीटरवर ५४. शिवारात रात्री इतकी शांतता असते की त्यात ६० म्हणजे खोलीत कोणी मोठ्याने बोलत असल्यासारखं. हिवाळ्यात जमिनीलगत गार हवा साचते आणि आवाज वर न जाता जमिनीच्या अंगाने लांब जातो, तेव्हा आणखी त्रास होईल. म्हणून कुत्र्यांची रात्रीची जागा त्या बांधापासून उचला आणि गोठ्याच्या पलीकडच्या अंगाला न्या, मध्ये गोठ्याची भिंत येईल अशी. नुसतं लांब नेण्यापेक्षा मध्ये भिंत असलेली बरी.

दिवसा सालदाराने स्वतः त्यांना मळ्याला एक फेरी मारून आणावी. संध्याकाळची भाकरी त्याच्याच हातून मिळू दे, आबांच्या नको. लेकरांना एकदम जवळ पाठवू नका. कुत्रं खात असताना किंवा झोपलेलं असताना त्याच्याजवळ जायचं नाही, हे त्यांना आधी शिकवा. घराभोवती जाळीचं कुंपण झालं तर रात्री एक कुत्रं त्याच्या आत मोकळं ठेवता येईल. राखणीला एक पुरतं. उरलेली दोन आत, अंधारात, गोणपाटावर. रेबीजची लस दर वर्षी. त्यात चालढकल नको, घरात लहान मुलं आहेत.

ऑनलाइन शॉक देणारे पट्टे मिळतात, ते घेऊन पाठवू नका. कार्डिफला राहता म्हणजे ठाऊक असेल, वेल्समध्ये त्यांच्यावर २०१० पासून बंदी आहे. घाबरून भुंकणाऱ्या जनावराला त्या पट्ट्याने आणखी घाबरवलं जातं, आणि घाबरलेलं कुत्रं चावतं.

---

प्रेषक: न्यूपोर्ट (नंदुरबार)

कायद्याचं मी सांगतो. नंदुरबारला काही वर्षं वकिली केली आहे.

पोलीस कुत्री उचलून नेतील ही भीती मायच्या मनातून काढा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्यात सार्वजनिक उपद्रवाला कलम २९२ खाली हजार रुपयांपर्यंत दंड आहे आणि गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास किंवा अटक करू शकत नाहीत. शिवाय एका घराला होणारा त्रास ‘सार्वजनिक’ ठरवणं सोपं नसतं. कलम २९१ वेगळं: जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असताना मालकाने काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसत्या भुंकण्याला ते लागत नाही. पण रस्त्यावरच्या माणसाच्या अंगावर जाणारं कुत्रं असेल तर लागू शकतं, हे आबांना स्पष्ट सांगा.

ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये निवासी भागाला रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. प्रत्यक्षात हे नियम भोंगे, डीजे, जनरेटर यांच्यासाठी वापरले जातात. तरी ताईंनी दिलेले आकडे त्या ४५ शेजारी ठेवून पाहा. गुरुजींचं म्हणणं हवेतलं नाही. ते दिवाणी कोर्टात मनाई मागू शकतात, प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) उपद्रव दूर करण्याचा अर्जही करू शकतात. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांतही दोन्ही बाजू आहेत: भुंकणं हा कुत्र्याचा स्वभाव आहे, पण विशेषतः रात्री ती शांत राहावीत यासाठी मालकाने प्रयत्न करायचे.

उलट बाजूही ऐका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये अवास्तव आखूड साखळीला अवास्तव वेळ बांधून ठेवणं आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, दोन्ही क्रूरता धरली आहे. म्हणजे आज कागदावर उणी बाजू आपली आहे. नोटीस पाठवली तर पहिलं उत्तर हेच येईल. आणि रागाच्या भरात कोणी विष घातलं, तर न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ते दोन्ही घरांना कळलेलं असू द्या, पण धमकी म्हणून नको.

गावात तंटामुक्ती समिती असेल. २००७ पासून ती मोहीम आहे आणि अशा तंट्यांसाठीच ती उपयोगी पडते. पोलीस पाटलांना मध्ये घेऊन बसा. बैठकीत जे ठरेल ते एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

---

प्रेषक: स्वॉन्झी (अमळनेर)

मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणून लिहितेय.

माझी आई अमळनेरजवळ एकटी राहते. शेजारच्या वाड्यावरची कुत्री रात्री दोनला सुरू होतात. तिला रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. झोप मोडली की सकाळी चक्कर येते. तिने कुत्रेवाल्यांना सांगितलं तेव्हा, खेड्यात राहायचं तर सवय करून घ्या, असं ऐकावं लागलं. ती आयुष्यभर खेड्यातच राहिली आहे. कुत्र्यांचा तिला राग नाही, दारातल्या कुत्र्याला रोज तुकडा घालते. पण त्या उत्तरानंतर तिने त्या घरची पायरी सोडली. कानबाईच्या रोटांनाही (श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या जेवणालाही) गेली नाही, आणि ते तिला अजून लागतं.

दादा, तुमच्या गुरुजींच्या घरी कोण आजारी आहे का, हे कोणी विचारलं आहे का? इथे कौन्सिलकडे भुंकण्याची तक्रार केली तर ते वेळेची नोंद करायला तक्ता पाठवतात, पत्र पाठवतात, गरज पडली तर १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने नोटीस काढतात. शेजाऱ्याचं तोंड न बघता सगळं होतं. गावाकडे तसं होत नाही. रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी शेजारच्या घरचीच निघते. आबांना म्हणावं, एकदा जाऊन बसा आणि कुत्र्यांचा विषय काढायच्या आधी त्यांची झोप कशी आहे ते विचारा.

---

प्रेषक: कार्डिफ

मंडळी, कळवायला उशीर झाला. नोटीस पाठवली नाही.

आबा जायला तयार नव्हते. माय गेली, नव्या तुरीची डाळ घेऊन. गुरुजींच्या पत्नीचं हृदयाचं ऑपरेशन झालं आहे आणि त्यांची खोली बरोबर त्या खांबांच्या समोर आहे. आमच्या घरात कोणालाच हे माहीत नव्हतं. माय आली ती थेट आबांना म्हणाली की खांबांवरून कुत्री आज हलली पाहिजेत, आणि ती त्याच संध्याकाळी गोठ्यामागे गेली.

कॅलेंडरच्या खुणा ताईंनी सांगितल्याप्रमाणेच निघाल्या. रात्रीच्या लाइटचे दिवस आणि त्रासाच्या रात्री जवळजवळ सगळ्या जुळतात. आता त्या दिवसांत दोन कुत्री आत असतात. सालदाराच्या मोठ्या मुलीला लाल कुत्रीचा लळा लागला आहे, ती तिच्या मागे फिरते. पोलीस पाटलांसमोर बैठक झाली. कागद लिहिताना आबा आणि गुरुजी दोघेही होते, बोलणं मात्र अजून कामापुरतंच आहे. कुंपणाच्या जाळीचा खर्च कोणी करायचा हे ठरलेलं नाही. गुरुजी अर्धा देतो म्हणतात, आबा घ्यायला तयार नाहीत. ते मी आणि भाऊ मिळून करू.

एक अडचण उरली आहे. तिघांतलं लहान कुत्रं पहाटे दूधवाल्याच्या मोटरसायकलवर रोज भुंकतं. आणि ताई, लाल कुत्रीची नसबंदी पुढच्या आठवड्यात आहे. नंतर किती दिवस जपायचं?

---

प्रेषक: ब्रिस्टल

साधारण दहा ते बारा दिवस. टाके ओले होऊ द्यायचे नाहीत आणि तिला चाटू द्यायचे नाहीत. पाटाच्या पाण्यापासून लांब ठेवा, त्या दिवसांत मोकळं सोडू नका, पण सावलीत आणि माणसांजवळ बांधा. मुलीला सांगा, जवळ बसायला हरकत नाही, खेळवायचं नाही. टाक्याला सूज किंवा पू दिसला तर १९६२ वर फोन करा, जनावरांचा डॉक्टर मळ्यावर येतो.

दूधवाल्याच्या हाती रोज भाकरीचा तुकडा द्या, आणि तो त्यानेच कुत्र्याला टाकायचा. आठवडाभराने कळवा.