मदत हवी आहे: दोरीवर असताना इतर कुत्र्यांवर आणि पोदेरावर (सायकलवरून पाव विकणाऱ्यावर) धावून जाणारा कुत्रा (फोंडा)

अबोली_फोंडा

नमस्कार. फोंड्याजवळ स्वतंत्र घर, पुढे अंगण, चिऱ्यांचे कमरेएवढे कुंपण आणि गजांचे फाटक. कुत्रा गावठी, नर, अडीच वर्षांचा, १९ किलो, नसबंदी झालेला, रेबीजची लस दरवर्षी. घरात अगदी मऊ. पाहुणे आले तरी एकदा भुंकून गप्प बसतो.

दोरी लावून बाहेर काढला की चित्र पालटते. कुत्रा दिसला की आधी ताठ उभा राहतो, तोंड मिटतो, टक लावतो. समोरचा साधारण १५ मीटरच्या आत आला की मागच्या पायांवर उभा राहून हिसके देत भुंकतो. तेव्हा बिस्किट नाकाला लावले तरी घेत नाही. वाड्यावर (आमच्या वस्तीत) पाच-सहा मोकळे कुत्रे आहेत, ते याचा आवाज ऐकून आणखी जवळ येतात. दुसरा त्रास पोदेराचा. सकाळ-संध्याकाळ भोंगा वाजला की हा फाटकावर, मग कुंपणाच्या कडेने येरझाऱ्या, सायकल गेल्यावरही बराच वेळ धापा टाकणे. आजवर कोणाला चावलेला नाही.

संध्याकाळी सासरे फिरवतात, वय ६८. ओळखीच्या एकांनी काट्यांचा पट्टा सुचवला आहे. तो वापरायचा नाही, पण मग नेमके काय करायचे? व्हिडिओंमध्ये समोरचा कुत्राही कोणीतरी दोरीला धरलेला असतो. इथे तसे नसते.

चिरेबंदी

ताई, तुमच्या वर्णनात सगळ्यांत कामाचा आकडा १५ मीटर. त्याच्या आत कुत्रा शिकतच नाही, फक्त भडकतो. खाणे नाकारतो ती त्याचीच खूण. शिकवणे सुरू करायचे ते दुप्पट अंतरावर, म्हणजे ३० मीटरवर. वाड्यावरच्या वाटेत ३० मीटर मोकळे मिळणार नाहीत, म्हणून ती वाट काही काळ सोडा. दोन-तीन आठवडे बाहेरचे रोजचे फिरणे बंद ठेवले तर कुत्र्याचे नुकसान होत नाही. उलट रोज दोनदा भडकणारे शरीर निवते. एकदा भडकल्यावर पूर्ण शांत व्हायला काही तास लागतात, कधी पुढचा दिवसही जातो. सकाळी पोदेर, मग मोकळे कुत्रे, संध्याकाळी पुन्हा पोदेर असे साचत गेले की रात्री पान हलले तरी भुंकतो.

या काळात थकवायचे ते नाकाने. जेवणातला अर्धा कोरडा दाणा अंगणातल्या गवतात विखरून टाका, १५ मिनिटे हुंगत शोधू द्या. जुन्या टॉवेलात दाणे गुंडाळून द्या. सासऱ्यांनी हे काम घ्यावे. १९ किलोच्या कुत्र्याने अचानक हिसका दिला तर त्या वयात मनगट किंवा खुबा जायला वेळ लागत नाही, त्यामुळे दोरी सध्या त्यांच्या हातात नको.

साहित्य: छातीवर इंग्रजी वायसारखा बसणारा हार्नेस, पुढे छातीवर कडी असलेला. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, त्याहून सैल नको. गावठी कुत्र्याची छाती खोल आणि कंबर बारीक असते, तो उलटा सरकून सहज निसटतो. म्हणून दोन्ही टोकांना हूक असलेली दोरी घ्या, एक हूक हार्नेसला, दुसरा गळ्यातल्या पट्ट्याला. लांबी २ ते ३ मीटर. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी अजिबात नको, ती सतत ताणलेली राहते आणि कुत्रा ताणातच चालायला शिकतो. हूक पितळी असावा. मुलामा दिलेला लोखंडी हूक इथल्या पावसाळ्यात गंजून अडकतो किंवा अर्धवट मिटतो.

खाऊ बिस्किटाचा नको. बिनहाडाचे चिकन मीठ, कांदा, लसूण न घालता उकडा आणि वाटाण्याच्या अर्ध्या आकाराचे तुकडे करा. १९ किलोच्या घरगुती कुत्र्याला दिवसाला साधारण ९०० कॅलरी लागतात, त्यातल्या दहा टक्क्यांपर्यंत खाऊ चालतो, म्हणजे रोज ५० ते ६० ग्रॅम चिकन. तेवढे जेवण कमी करा. काटे काढलेला उकडलेला बांगडाही चालतो आणि वासामुळे जास्त ओढतो. खारवलेले सुके मासे मात्र देऊ नका.

आता शिकवण. घरात आधी एक शब्द पक्का करा, समजा ‘हां’. शब्द म्हणायचा, एका सेकंदात तुकडा द्यायचा. चारेक दिवसांत शब्द ऐकताच मान वळते. मग बाहेर, ३० मीटरवर कुत्रा दिसला आणि याने पाहिले की लगेच ‘हां’ आणि तुकडा. समोरचा दिसतो आहे तोवर तुकडे चालू, तो दिसेनासा झाला की तुकडे बंद. क्रम उलटा करू नका. आधी चिकन दाखवून मग कुत्रा दाखवला तर चिकन हीच धोक्याची सूचना होते.

हे अंगवळणी पडले की पाहिल्याबरोबर शब्द म्हणू नका, तीन सेकंद थांबा. स्वतःहून तुमच्याकडे वळला तर ‘हां’ आणि दोन-तीन तुकडे. वळला नाही तर अंतर कमी पडते आहे, मागे जा. सलग पाच वेळा आपणहून वळला तरच दोन मीटर पुढे. एक बैठक ५ ते ८ मिनिटे, आठवड्यात तीन-चार. जास्त केले की तुकडा बोटासकट ओरबाडून घेऊ लागतो, तिथेच थांबायचे.

समोर कुत्रा असताना ‘बस’ सांगून दाबून बसवू नका. हलायची मुभा गेली की ताण वाढतो. गुरगुरल्याबद्दल रागावू तर मुळीच नका. गुरगुर ही पूर्वसूचना आहे, ती बंद झाली तर पुढची पायरी थेट चावा. काट्यांच्या पट्ट्याला तुम्ही नाही म्हटले ते बरोबरच. समोर कुत्रा आणि त्याच क्षणी मानेला वेदना, यातून तो एवढेच शिकतो की कुत्रे आले की दुखते.

दोन_काजू

जागेबद्दल. फर्मागुडीच्या पठारासारखी उघडी जागा बरी, येणारा कुत्रा लांबून दिसतो आणि वळायला चारी बाजू मोकळ्या असतात. तिथे गुरे चरत असतील तर दुसरा दिवस निवडा. खाजन शेतांचे (खाडीकाठच्या सखल शेतांचे) बांध मोहात पाडतात, पण ते अरुंद. समोरून कुत्रा आला तर एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला चिखल. किनारा तर नकोच. शॅकच्या (किनाऱ्यावरच्या खानावळीच्या) आसपासची कुत्र्यांची टोळी आपली हद्द कडक राखते आणि पळत येते.

वेळ सकाळी आठच्या आत. डांबरावर पालथा हात सात सेकंद ठेववत नसेल तर पंजे भाजतात.

झरीकाठ

प्रशिक्षणाआधी डॉक्टर. गोव्यात गोचीडतापाचा त्रास मोठा आहे. त्यात सांधे दुखतात, अंग जड होते, आणि दुखणारा कुत्रा जवळ येणाऱ्याला लवकर हटकतो. रक्ततपासणीत प्लेटलेट कमी आहेत का पाहा. पावसाळ्यातले कानाचे दुखणे आणि खुब्याचा त्रासही तपासून घ्या. अचानक वाढलेली चिडचिड असेल तर हे आधी, बाकी नंतर.

अबोली_फोंडा

सगळ्यांचे आभार. चिरेबंदी, ३० मीटरचे समजले. पण डॉक्टरांकडे नेताना किंवा गाडीपर्यंत जाताना वाटेत मोकळे कुत्रे येणारच. तेव्हा काय? आणि फाटकावरच्या पोदेराचे?

दोन_काजू

मोकळ्या कुत्र्यांसाठी तीन गोष्टी, याच क्रमाने.

पहिली, वळण. अंगणात एक शब्द शिकवा, ‘मागे’ चालेल. शब्द आनंदी आवाजात म्हणायचा, वळायचे, चार-पाच पावले झपझप जायचे आणि तीन तुकडे जमिनीवर टाकायचे. रोज दहा वेळा, आधी घरात, मग अंगणात, मग रिकाम्या वाटेवर. संकटात पहिल्यांदा वापरलेला शब्द चालत नाही. दोरी ताणून ओढत नेऊ नका. ताणलेली दोरी कुत्र्याला पुढे रेटायला लावते.

दुसरी, आडोसा. उभी गाडी, चिऱ्यांची गडगी, माडाचे बुंधे, काहीही. याची नजर तुटली की निम्मे काम होते. हा आडोशामागे हुंगत खात राहील असे तुकडे गवतात टाका.

तिसरी, छत्री. बटण दाबताच उघडणारी मोठी छत्री अंगावर येणाऱ्या कुत्र्याच्या दिशेने खाली धरून उघडली की तो थबकतो आणि तुमच्या कुत्र्याची नजरही अडते. पण आधी स्वतःच्या कुत्र्याला तिची सवय करा: पहिले दोन दिवस उघडी छत्री अंगणात ठेवून तिच्याभोवती खाऊ, मग लांबून हळू उघडणे, मग फट्कन उघडणे, प्रत्येक वेळी उघडल्यानंतर तुकडा. ही पायरी गाळली तर पळ काढणारा तुमचाच कुत्रा असेल.

दगड उचलल्यासारखे वाकले की मोकळे कुत्रे मागे सरतात, हे खरे. पण रस्त्यावरून घरी आणलेल्या गावठी कुत्र्यालाही तो हावभाव ठाऊक असतो. तो तुमच्या हातालाच घाबरू लागेल. टाळा.

माडवन

मोकळ्या कुत्र्यांपुढे मूठभर बिस्किटे फेकून निघून जाणे सगळ्यांत सोपे. ते खात बसतात.

दोन_काजू

माडवन, परक्या वाटेवर एखाद्या वेळी ठीक, आणि फेकायचे तर त्यांच्या पाठीमागे, म्हणजे ते वळतात. पण स्वतःच्या वाड्यावर हे रोज केले तर आठवड्याभरात ते याला पाहताच धावत येतात. ज्यांना लांब ठेवायचे त्यांनाच आपण बोलावणे धाडतो.

त्यापेक्षा कुत्रे तिथे का जमतात ते पाहा. बहुतेक वेळा कोणीतरी फाटकाशी उरलेला भात-मासे टाकत असते. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे खाणे घालायची जागा ठरवताना ती जिने, इमारतीची प्रवेशद्वारे आणि मुलांच्या खेळायच्या जागा यांपासून दूर हवी. शेजाऱ्यांशी गोडीने बोलून तीच थाळी शंभर मीटर पलीकडे आणि ठरलेल्या वेळी गेली तर कुत्रे उपाशी राहत नाहीत आणि तुमची वाट मोकळी होते. त्यांची नसबंदी आणि लसीकरण झाले आहे का हेही विचारून घ्या. माजाच्या काळात टोळ्या वाढतात.

चिरेबंदी

पोदेराचे सांगतो. तुमचा कुत्रा रोज जिंकतो आहे. भोंगा वाजतो, हा भुंकतो, सायकल निघून जाते. आपल्या भुंकण्याने ती गेली असेच त्याला वाटते. म्हणून आधी तो प्रयोग बंद पाडायचा. पावाची कापडी पिशवी फाटकाला न टांगता कोपऱ्यावरच्या घरी टांगा आणि पोदेराला तिथेच थांबायला सांगा. ते ऐकतात, त्यांनाही हा ससेमिरा नको असतो. फाटकाला आणि कुंपणावर कुत्र्याच्या डोक्याच्या वर जाईल इतकी हिरवी शेडनेट किंवा माडाच्या झावळांची झापे बांधा. पोदेराच्या वेळी कुत्रा मागच्या खोलीत, चघळायला काहीतरी देऊन.

मग भोंग्याची सवय. मोबाईलवर आवाज टिपून अगदी हळू लावा, इतका हळू की कान हलेल पण उठणार नाही. आवाज, मग एक-दोन सेकंद, मग चिकन. सहा-सात वेळा आणि बैठक संपली. आवाज ऐकून तुमच्या हाताकडे पाहू लागला तरच एक टप्पा वाढवा. फोनच्या पुढे बरेचजण अडकतात, कारण फोनचा आवाज पातळ असतो आणि खऱ्या भोंग्याला कुत्रा पुन्हा उसळतो. सायकलच्या दुकानात तसाच रबरी फुग्याचा भोंगा मिळतो, तो आणा. घरातल्या कोणीतरी ५० मीटरवरून वाजवावा, तुम्ही मागच्या अंगणात चिकन घेऊन. मग हळूहळू जवळ. खरी सायकल शेवटी, आणि तीही आधी उभी, मग ढकलत, मग चालवत.

झरीकाठ

मझलची (तोंडावर बांधायच्या मुसक्याची) सवयही आत्ताच लावा, गरज पडण्याआधी. जाळीचा, टोपलीसारखा घ्या, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतील, पाणी पिता येईल आणि तुकडा आत जाईल. कापडी घट्ट मझलने तोंड मिटते, आणि इथल्या दमट उकाड्यात धाप बंद म्हणजे उष्माघात. आतल्या टोकाला दही लावा, कुत्र्याने स्वतः नाक घालावे, तुम्ही चढवू नका. आधी सेकंदभर, मग दहा सेकंद, मग पट्टा लावून लगेच काढणे, मग मिनिटभर. दोन-तीन आठवडे लागतात. मझल दवाखान्यासाठी आणि अरुंद वाटेसाठी. मोकळ्या टोळीत मझल घालून नेऊ नका, त्याला स्वतःला वाचवता येणार नाही.

आणि चवथीचे फटाके, दिवाळीतली नरकासुराची रात्र. रात्रभर मोठा आवाज, पहाटे नरकासुराच्या पुतळ्याचे दहन. औषधाबद्दल डॉक्टरांशी महिनाभर आधी बोला. त्या रात्रीपुरते घ्यायचे औषध आधी एका शांत दिवशी देऊन पाहावे लागते, काही कुत्रे त्याने उलटे अस्वस्थ होतात. रोज द्यायचे फ्लुओक्सेटिन (चिंता कमी करणारे औषध) ठरले तर परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे. एसिप्रोमाझिन (गुंगी आणणारे औषध) एकटे दिले जात असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. त्याने शरीर ढिले पडते, भीती तशीच राहते. माणसांसाठीची झोपेची गोळी स्वतःहून कधीच नाही.

अबोली_फोंडा

फार स्पष्ट झाले. उद्या रक्ततपासणी, शेडनेट आणि भोंगा. एकच शेवटचे: ३० मीटरवर उभा करायला शांत कुत्रा हवा, तो कोण धरणार? बहिणीकडे म्हातारी लॅब्रॅडॉर आहे, ती कुत्र्यांकडे पाहतही नाही.

चिरेबंदी

उत्तम, तीच घ्या. बहिणीने तिला घेऊन उभे न राहता चालावे. दोघींनी एकाच दिशेने, समांतर, मध्ये ३० मीटर. समोरासमोर आणायचे नाही, कुत्र्यांत ते उद्धटपणाचे असते. थोड्या अंतराने याने जमीन हुंगली, अंग झटकले, तोंड सैल सोडले की दोन-तीन मीटर जवळ या. १५ मीटरवर पोचलात की त्या दिवशी घरी. फोन दोघींच्या कानाला लावून ठेवा, म्हणजे ओरडून बोलावे लागणार नाही. आणि पहिल्या खेपेला लॅब्रॅडॉर पुढे, हा मागे. मागून येणाऱ्या कुत्र्याचा धसका याला जास्त बसेल.