बर्लिनच्या रात्री : इंटर्न म्हणून राहिलेल्यांचे अनुभव

शिक्षण चालू असताना किंवा नुकतेच संपल्यावर काही महिने परदेशात इंटर्न म्हणून राहण्याची संधी आता मराठी घरांतल्या बऱ्याच मुलामुलींना मिळते. निघण्यापूर्वी व्हिसा, विमा आणि घरभाडे यांची चौकशी सगळेच करतात. काम संपल्यावर त्या शहरात संध्याकाळनंतर कसे वावरायचे हे मात्र कोणी सांगत नाही, आणि घरी विचारण्याची सोय नसते. बर्लिनचे तर बरेचसे जगणे रात्रीच चालते. तिथे राहिलेल्यांनी रात्रीचे शहर कसे अनुभवले, ते कशामुळे शक्य झाले आणि कुठे खटकले, हे मोकळेपणाने लिहावे अशी विनंती आहे. सुरुवात मी करते.

मी सांगलीची. पुण्यात अभियांत्रिकी शिकत असताना आमच्या वसतिगृहाचे फाटक रात्री साडेनऊला बंद होत असे. मुलांच्या वसतिगृहाला अशी वेळच नव्हती. उन्हाळ्यात संशोधनासाठी मी बर्लिनच्या आग्नेय टोकाच्या आडलर्सहोफ या विज्ञाननगरीत गेले तेव्हा, अंधार पडला की घरात असायचे, हे माझ्या अंगवळणी पडलेले होते. जूनमध्ये तिथे साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणि त्यानंतरही शहराला घरी जाण्याची घाई नसते. शुक्रवारी आणि शनिवारी ऊ-बान, म्हणजे भुयारी रेल्वे, रात्रभर चालू राहते आणि साधारण पंधरा मिनिटांनी गाडी मिळते. इतर रात्री ती काही तास बंद असते, तेव्हा त्याच मार्गांवर ‘एन’ अक्षराच्या बस धावतात. ऊ-७ च्या जागी एन-७, असे ते सोपे गणित आहे. पहाटे तीनला गाडीत नाचून दमलेली मुले असतात, कामावरून परतणाऱ्या परिचारिका असतात, आणि कुणी एकटी मुलगी पुस्तक वाचत बसलेली असते. ‘ही इतक्या रात्री इथे काय करते’ या नजरेने माझ्याकडे कुणी पाहिले नाही. पाकीटमारांपासून सावध राहण्याचा सल्ला सहकाऱ्यांनी दिला होता आणि तो मी पाळला. पण रात्री बाहेर पडण्याचे धैर्य मला त्या गाड्यांनी दिले, कारण परत कसे यायचे हा प्रश्नच उरला नव्हता.

या मोकळेपणामागे इतिहासही आहे. युद्धानंतर बर्लिन चार सत्तांमध्ये वाटले गेले होते आणि मद्यालये बंद करण्याच्या वेळेवरून पूर्व आणि पश्चिम विभागांत चढाओढ चालू होती. 1949 मध्ये हाइन्झ झेलरमायर या हॉटेल व्यावसायिकाने अमेरिकी सेनाधिकारी फ्रँक हाउली यांना गाठून बंदीची वेळच रद्द करायला लावली. व्हिस्कीची बाटली सोबत नेली होती, असेही सांगतात. जगातल्या बहुतेक शहरांत मध्यरात्रीनंतर दिवे विझवले जातात, आणि इथे शनिवारी सुरू झालेले संगीत सोमवारी सकाळी संपते, त्याची सुरुवात त्या निर्णयात आहे.

मुंबईहून, वास्तुकला:

मी एका छोट्या वास्तुविशारद कार्यालयात इंटर्न होतो. रात्री नाचायला जायचो, पण ज्या इमारतींत जायचो त्या पाहणे हेच माझे मोठे आकर्षण होते. 1989 मध्ये बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्व बर्लिनमध्ये कारखाने, गोदामे आणि वीजकेंद्रे ओस पडली. त्यांपैकी कितीतरी वास्तूंचा कायदेशीर मालक कोण, हेच स्पष्ट नव्हते. तरुणांनी तिथे ध्वनिवर्धक नेले आणि टेक्नो या इलेक्ट्रॉनिक वाद्यांवरच्या ठेकेबाज नृत्यसंगीताला घर मिळाले. 1991 मध्ये ‘ट्रेसोर’ हा क्लब लाइपझिगर रस्त्याजवळ, वेर्टहाइम या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या भूमिगत तिजोरीघरात सुरू झाला. वेर्टहाइम कुटुंब ज्यू होते आणि नाझींनी त्यांच्याकडून तो व्यवसाय हिसकावून घेतला होता. ज्या तळघरात तरुण मुले मध्यरात्री नाचत होती, त्याच्या भिंतींना हा सगळा भूतकाळ ठाऊक होता. 2005 मध्ये ती जागा सोडावी लागली आणि 2007 मध्ये क्लब क्योपेनिकर रस्त्यावरच्या एका बंद वीजकेंद्रात पुन्हा उघडला. तिथल्या काँक्रीटच्या खांबांमध्ये उभे राहिल्यावर आवाज छातीत उतरतो. मी कार्यालयात दिवसभर ज्या प्रमाणांचा आणि पोकळ्यांचा अभ्यास करत होतो, त्यांचा अर्थ मला तिथे रात्री कळला.

2004 मध्ये सुरू झालेला प्रसिद्ध ‘बर्गहाईन’ हादेखील पूर्व जर्मनीच्या काळातल्या एका औष्णिक केंद्रात आहे. नाव क्रॉइत्सबर्ग आणि फ्रीडरिशहाईन या शेजारच्या वस्त्यांवरून जुळवलेले आहे. 2016 मध्ये तिथल्या वित्त न्यायालयाने त्याच्या प्रवेशशुल्कावर 19 ऐवजी 7 टक्के कर लावावा, असा निर्णय दिला. हा सवलतीचा दर मैफलींना लागतो, म्हणजे डीजेचा कार्यक्रम ही मैफल ठरली. मार्च 2024 मध्ये बर्लिनची टेक्नो संस्कृती जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत दाखल झाली. आपल्याकडे लावणी आणि तमाशा यांना प्रतिष्ठा मिळायला किती काळ लागला, हे आठवले की मला या दोन घटनांचे मोल फार वाटते.

दारातच तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली जाते. आत कोणी कोणाचे छायाचित्र काढत नाही, त्यामुळे माणसे स्वतःच्या आनंदासाठी नाचतात. मी हा नियम आयुष्यात इतर कुठेही लागू झालेला पाहायला तयार आहे.

सातारा जिल्ह्यातून, जैवतंत्रज्ञान:

माझे घर वारकऱ्यांचे आहे. मी मद्य घेत नाही आणि मांसाहारही करत नाही, म्हणून ‘तू बर्लिनमध्ये रात्री करणार काय’ असे मला मित्रांनी विचारले होते. उत्तर असे, की पुष्कळ काही. बर्लिनमध्ये 1997 पासून ‘संग्रहालयांची दीर्घ रात्र’ साजरी होते. एकाच तिकिटावर मध्यरात्र उलटेपर्यंत एका संग्रहालयातून दुसऱ्यात जाता येते. 21 जूनला ‘फेत द ला म्युझीक’ हा संगीतोत्सव असतो, तेव्हा चौकाचौकांत, उद्यानांत लोक वाद्ये घेऊन बसतात आणि ऐकायला पैसे पडत नाहीत. शार्लोटेनबुर्गमधल्या ‘ए-ट्रेन’ या छोट्या जॅझ क्लबात रात्री उशिरा कार्यक्रम संपल्यावर वादक एकमेकांना साथ करत राहतात. हे ऐकताना मला वडिलांनी सांगितलेला जुना सवाई गंधर्व महोत्सव आठवे, ज्यात पहाटेचे राग पहाटेच गायले जात आणि श्रोते पांघरुणे घेऊन बसत. आपल्याकडे रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर निर्बंध आले त्यामागची कारणे मला समजतात. तरीही ज्या रागांची वेळ मध्यरात्रीची आहे ते आता संध्याकाळी उरकावे लागतात, याची हळहळ मला बर्लिनमध्ये पहिल्यांदा जाणवली, कारण इथे रात्र संगीतासाठी राखून ठेवलेली होती.

जेवणाची अडचण आली नाही. झोनेनआले रस्त्यावर अरबी दुकानांत फलाफल, म्हणजे हरभऱ्याचे तळलेले वडे, उशिरापर्यंत मिळतात. क्लबमध्ये ‘क्लुब-माटे’ नावाचे चहासारखे, मद्यविरहित पेय हातात असले की कोणी आग्रह करत नाही.

नाशिकहून, पैशांविषयी थोडेसे:

अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या इंटर्नशिपला जर्मनीत किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही, त्यामुळे हातात येणारी रक्कम फार कमी असू शकते. निघण्यापूर्वी करारपत्र नीट वाचावे. मोठ्या क्लबचे प्रवेशशुल्क वीस युरोच्या आसपास जाते. आम्ही बहुतेक संध्याकाळी ‘श्पेटी’ म्हणजे उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानातून काहीतरी घेऊन कालव्याच्या काठावर बसत असू. बिअरच्या काचेच्या बाटलीवर 8 सेंट आणि डब्यावर 25 सेंट अनामत असते. रिकाम्या बाटल्या कचरापेटीत न टाकता शेजारी ठेवण्याची रीत आहे, म्हणजे त्या गोळा करून उपजीविका करणाऱ्यांना कचऱ्यात हात घालावा लागत नाही. रविवारी दुकाने बंद असतात, शनिवारी किराणा भरून ठेवावा.

मुंबईहून, नाव देत नाही:

मी 2017 च्या उन्हाळ्यात तिथे होतो. मी समलिंगी आहे आणि त्या वेळी आपल्या देशात कलम 377 अजून माझ्यासारख्यांना गुन्हेगार ठरवत होते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 6 सप्टेंबर 2018 ला आला. नोलेनडोर्फप्लात्स या स्थानकाच्या परिसरात पहिल्यांदा रात्री गेलो तेव्हा पुरुष एकमेकांचे हात धरून रस्त्याने चालले होते आणि शेजारी आज्या कुत्री फिरवत होत्या. मी कुठल्याच क्लबात न जाता नुसता त्या रस्त्यांवरून चालत राहिलो, कारण तेवढेही मला फार होते.

त्या स्थानकाच्या भिंतीवर गुलाबी त्रिकोणाच्या आकाराची स्मृतिशिला आहे; नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर हीच खूण लावली जात असे. 1920 च्या दशकात याच वस्तीत समलिंगी लोकांची नृत्यगृहे होती. नाझी सत्तेवर आले त्या सुमारास ती बंद पडली आणि हजारो पुरुषांना छळछावण्यांत पाठवले गेले. त्यांना शिक्षा देणारे कलम 175 जर्मनीच्या कायद्यातून पूर्णपणे गेले ते 1994 मध्ये. रात्रीच्या करमणुकीला लोक चैन म्हणतात. ज्यांना दिवसा स्वतःसारखे राहता येत नव्हते त्यांच्यासाठी ती राहण्याची जागा होती, हे मला तिथे कळले.

औरंगाबादहून, संगणकशास्त्र:

चांगले बरेच लिहिले गेले आहे, म्हणून मी दुसरी बाजू नोंदवतो. आम्ही चार भारतीय मुले एका क्लबच्या रांगेत दोन तास उभे राहिलो आणि दारावरच्या माणसाने मान हलवून आम्हाला परत पाठवले. कारण सांगितले जात नाही. आमच्या पुढचा तसाच मोठा गट आत गेला होता, तो गोरा होता. केवळ रंगामुळे असे झाले, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण असा प्रसंग कोणत्याही गोऱ्या सहकाऱ्याच्या वाट्याला आल्याचे मी ऐकले नाही, आणि नुसत्या पुरुषांच्या गटाला नकार मिळण्याचा संभव अधिक असतो, हे तिथले लोक स्वतः मान्य करतात. पुढे एका जर्मन मैत्रिणीबरोबर त्याच ठिकाणी सहज प्रवेश मिळाला. मला त्यात आनंद वाटला नाही.

हेही सांगितले पाहिजे, की अनेक क्लबांत ‘अवेअरनेस टीम’ असते. कोणाला त्रास होत असेल, कोणी पेयात काही मिसळल्याची शंका असेल, तर ते लोक बाजूला शांत जागेत बसवतात आणि शेवटपर्यंत सोबत राहतात. आमच्याबरोबरच्या एका मुलीला त्यांची मदत झाली. आपला पेला नजरेआड होऊ देऊ नये.

पुन्हा मी, धागा सुरू करणारी:

मी आता मुंबईत वाहतूक नियोजनाचे काम करते, म्हणून एवढे जोडते. महाराष्ट्र सरकारने जानेवारी 2020 मध्ये मुंबईत काही भागांतील दुकाने आणि उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवायला मान्यता दिली. लोकल मात्र रात्री एकच्या सुमारास थांबते ती पहाटे चारनंतर सुरू होते. रुळांच्या देखभालीसाठी तो वेळ लागतो, हे खरे आहे, आणि बर्लिननेही म्हणूनच आठवड्यातल्या दोनच रात्री निवडून बाकीच्या रात्रींचा भार बसवर टाकला. शेजाऱ्यांच्या झोपेचा प्रश्न तिथेही तीव्र आहे. 2018 मध्ये शहराने क्लबांना ध्वनिरोधक बांधकामासाठी दहा लाख युरोचा निधी उपलब्ध करून दिला. तरी भाडे वाढत आहे, नवी घरे क्लबांच्या शेजारी येत आहेत, आणि श्प्रे नदीकाठचा ‘वॉटरगेट’ 2024 च्या अखेरीस बंद झाला. ज्यांना येत्या वर्षी जायचे आहे त्यांनी जागांची नावे ताजी तपासून घ्यावीत, आणि रात्रीच्या बसचा नकाशा पहिल्याच दिवशी फोनमध्ये ठेवावा.